बावन्न खोल्यांचा प्रोसेसर

चिंचपोकळीला फास्ट लोकल थांबत नाही. ती भायखळ्याला थांबते आणि मग एकदम दादर. मधले आम्ही तिच्या वाऱ्याने उडणारे सदरे सावरत फलाटावर उभे असतो. तरीही अमेरिकेतल्या सांता क्लारा गावी उद्या काय शिजणार आहे, हे आमच्या नाक्याला वर्षभर आधी कळलेलं असतं. इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन हाडवैऱ्यांची मुख्यालयं याच एका गावात आहेत. तिथल्या चिपला अजून आकार आलेला नसतो, आणि इथे वडापावच्या गाडीपाशी तिची कुंडली मांडून झालेली असते. खबर नेहमी पक्की असते. चिंचपोकळीत कच्ची खबर कोणी आणतच नाही.

यंदाची पक्की खबर अशी: इंटेलचा ‘नोव्हा लेक’ नावाचा डेस्कटॉप प्रोसेसर येतोय आणि त्यात बावन्न कोअर आहेत. एएमडीही स्वस्थ बसलेली नाही म्हणे. तिच्या ‘झेन ६’मध्ये चिपच्या एकेका तुकड्यावर आठाऐवजी बारा कोअर असतील, आणि असे दोन तुकडे शेजारी बसवले की झाले चोवीस. नोव्हा लेक २०२६च्या अखेरीस येईल, एवढं इंटेलने स्वतः सांगितलंय. बावन्नचा आकडा मात्र बाजारात आला तो कंपनीच्या तोंडून नव्हे, तर कुणाच्या तरी खिशातून पडलेला.

“बावन्न?” तळमजल्यावरचे तात्या म्हणाले. “पत्त्यांचा कॅट आहे की काय?”

“सोळा मोठे, बत्तीस बारके आणि चार अगदीच बारके, वीज वाचवणारे,” माझ्या भाच्याने फोड करून सांगितली.

“म्हणजे ते चार जोकर,” असं म्हणून तात्यांनी तपकिरीची डबी उघडली. त्यांच्या दृष्टीने विषय मिटला.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष आकडेमोड करणारा गडी. पूर्वी तो एकटा असायचा. मग दोन झाले, चार झाले. २०२१च्या नोव्हेंबरात इंटेलने डेस्कटॉपवर एक शक्कल काढली: काही कोअर मोठे आणि तगडे, काही लहान आणि कमी खाणारे, पण खोक्यावर बेरीज छापायची ती सगळ्यांची. ज्यांनी मुंबईत कधी जागा बघितली आहे, त्यांना ही बेरीज नवी नाही. बाल्कनीला काचा लावल्या की तीही खोली, आणि जिन्याखाली पलंग मावला की तोही बेडरूम.

भाच्याचा फ्लेक्सचा धंदा आहे. वाढदिवसांचे, दहीहंडीचे, दहावीच्या गुणवंतांचे, आणि मुख्य म्हणजे ‘भावी नगरसेवक’ आणि ‘भावी आमदार’ यांचे बॅनर तो बनवतो. दुसऱ्यांच्या भावीपणावर ज्याचं पोट चालतं, तो भावी प्रोसेसरवर अविश्वास कसा दाखवेल? शिवाय त्याला एक जुना चटका बसलेला आहे. २०१७च्या जानेवारीत त्याने लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून इंटेलचा चार कोअरचा आय-फाइव्ह घेतला. तेव्हा त्यात वावगं काहीच नव्हतं. २००७पासून तोवर, तब्बल दहा वर्षं, सामान्य माणसाच्या डेस्कटॉपला इंटेलने चारच्या वर कोअर दिलेच नव्हते. चार म्हणजे पुष्कळ, असंच जग समजत होतं. त्याच मार्चमध्ये एएमडीने ‘रायझन’ आणला, त्यात आठ कोअर! आणि ऑक्टोबरात इंटेललाही अचानक आठवलं की आपल्याला सहाही बसवता येतात.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमचा भाचा ताक पीतच नाही. त्याच्या माहितीप्रमाणे पुढल्या महिन्यात जास्त थंड ताक येणार असतं. २०१९मध्ये सोळा कोअरचा रायझन आला, तेव्हा तो म्हणाला, पुढचा येऊ दे. २०२१मध्ये मोठ्या-बारक्यांची फौज आली, तेव्हा म्हणाला, पहिली खेप कधी घेऊ नये. २०२४मध्ये इंटेलचा नवा चोवीस कोअरचा आला, तेव्हा म्हणाला, आता तर थांबलंच पाहिजे. मी म्हटलं, “अरे, घेऊन टाक एखादा.” त्यावर त्याने माझ्याकडे अत्यंत दयेने पाहिलं. “मामा, आत्ता? नवीन येतोय ना!”

हे वाक्य लालबाग-परळच्या हवेतच आहे. आमच्या चाळीत कोणी मोरीची फरशी बदलायला काढली की शेजारी हाच सूर लावतात: आता कशाला खर्च करता, रिडेव्हलपमेंट होणार आहे ना! या एका वाक्यावर किती भिंती रंगाविना राहिल्या, किती नळ गळत राहिले आणि किती लग्नं ‘नव्या जागेत करू’ म्हणून लांबली, याचा हिशोब महापालिकेकडेही नसेल. आमच्या स्टेशनापासून ना. म. जोशी मार्गाने चालत निघालं की बीडीडी चाळी लागतात. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्या जागी पाचशे चौरस फुटांचं घर मिळणार, ही खबर तिथल्या दोन पिढ्यांनी रोजच्या पेपरासोबत वाचली. या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७मध्ये झालं, सरकार बदलल्यावर २०२१मध्ये वरळीत पुन्हा झालं. भूमीला दोनदा कळवलेलं बरं. आणि खरोखरच ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांच्या हातात किल्ल्या पडल्या.

आता तुम्हाला वाटेल, खबर खरी ठरली म्हणजे अफवा थंडावल्या असतील. छे! एक अफवा खरी निघाली की तिच्या पुण्याईवर पुढच्या शंभर जगतात. वरळीला मिळालं म्हणजे आपल्याला मिळणारच, मग आपल्याला पाचशे कशाला, सातशे मागू. रायझनने २०१७मध्ये नेमकं हेच केलं. तोवर ‘आठ खरे कोअर येणार’ म्हणणारा माणूस येडा ठरत होता. त्या मार्चनंतर ‘बावन्न येणार’ म्हणणाऱ्यालाही लोक खुर्ची देतात.

पण या खबरा फुटतात कुठून? इथे मात्र भारतीय माणसाने छाती जरा पुढे काढावी. दोन्ही कंपन्यांचे हजारो इंजिनिअर आपल्याकडे आहेत, एएमडीचे बंगळूर-हैदराबादला आणि इंटेलचेही बंगळूरला. नव्या चिपचे आणि कार्डांचे नमुने तपासणीसाठी विमानाने तिथे येतात. विमानाने खोकं आलं की कस्टम आलं, कस्टम आलं की कागद आला, आणि कागद म्हटला की त्यावर मालाचं वर्णन, नग किती आणि किंमत रुपयांत किती, हे लिहावंच लागतं. काही वर्षांपूर्वी झौबा नावाची भारतीय वेबसाइट या आयात-निर्यातीच्या नोंदी जगाला खुल्या करून दाखवायची. मग काय! जर्मनीपासून तैवानपर्यंतचे शौकीन आपल्या कस्टमच्या नोंदी वाचायला लागले. सांता क्लारातल्या भिंतींना कान लावून जे कळत नव्हतं, ते बंगळूरच्या विमानतळावर उतरलेल्या खोक्यावरून कळू लागलं. कुठल्याशा ग्राफिक्स कार्डाचं टोपणनाव, नग दोन-चार, किंमत अमुक हजार. एवढ्यावर लोक चिपचा आकार, तिची ताकद आणि बाजारात यायचा महिना काढून दाखवत. परदेशातून येणाऱ्या मालाची कागदावरची किंमत खरी असते, असं मनापासून मानणारे जगात हे एवढेच लोक. मस्जिद बंदरच्या कुठल्याही क्लिअरिंग एजंटला विचारलं असतं, तर त्याने आधी पोटभर हसून घेतलं असतं.

फुटण्याच्या बाकीच्या वाटा कमी मजेशीर आहेत, पण आहेत. नव्या चिपवर लिनक्स ही खुली संगणकप्रणाली चालावी म्हणून कंपनीच्याच इंजिनिअरांना महिनोन्‌महिने आधी चारचौघांत बदल सादर करावे लागतात, त्यात नावं दिसतात. प्रयोगशाळेतला कोणी वेग मोजायचा प्रोग्राम चालवतो आणि इंटरनेट बंद करायला विसरतो, मग निकाल आपोआप जगाच्या फळ्यावर जाऊन बसतो. मदरबोर्डवाल्यांच्या मीटिंगमधली एखादी स्लाइड कुणाच्या तरी मोबाइलात शिरते. आणि जुनी-जाणती मंडळी असंही म्हणतात की कधीकधी कंपनीच हळूच दार किलकिलं ठेवते. प्रतिस्पर्ध्याचा माल दुकानात आलेला असताना लोकांनी खिशातला हात खिशातच ठेवावा, याला अफवेइतका स्वस्त उपाय नाही.

यातली खरी गंमत आमच्याच गल्लीत बघायला मिळते. ‘चिंचपोकळीचा चिंतामणी’ हे आमचं दैवत; मंडळ १९२०चं. आगमनाच्या दिवशी बाप्पाचं पहिलं दर्शन घ्यायला पुलावर आणि खाली मुंगी शिरायला जागा नसते. त्याआधी कारखान्यातून मूर्तीचा फोटो फुटू नये म्हणून आमची पोरं डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. कुणी चोरून फोटो काढून पाठवला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आणि हीच पोरं, त्याच रात्री, त्याच मोबाइलवर, कुणीतरी चोरून काढलेला कच्च्या चिपचा धूसर फोटो भक्तिभावाने पुढे धाडत असतात. एकदा भाच्याला हा विरोधाभास दाखवला. तो म्हणाला, “मामा, बाप्पा आपला आहे. प्रोसेसर त्यांचा आहे.” यावर काय बोलणार!

अफवा किती खरी निघते? २०१८च्या डिसेंबरात एक गाजली होती. एएमडीचा सोळा कोअरचा प्रोसेसर येतोय, वेग ५.१ गिगाहर्ट्झ, किंमत ४९९ डॉलर. २०१९च्या नोव्हेंबरात तो आला. कोअर सोळाच होते. वेग ४.७पर्यंत. किंमत ७४९ डॉलर. म्हणजे खोल्या सांगितल्या तेवढ्या, कार्पेट थोडा कमी, आणि भाव ताबा घेताना वाढलेला. याला कोणी फसवणूक म्हणत असेल, तर त्याने मुंबईत घरासाठी कधी बुकिंग केलेलं नाही.

तरीही अफवांना नावं ठेवण्याआधी कंपन्यांच्या अधिकृत घोषणांकडे जरा बघावं. मला तर त्यांच्यापुढे नाक्यावरची पोरं संयमी वाटतात. या शतकाच्या सुरुवातीला कोअर कोणी मोजत नव्हतं, सगळा मान गिगाहर्ट्झला होता. इंटेलचा पेंटियम ४ पुढे दहा गिगाहर्ट्झपर्यंत नेऊ, अशी भाषा खुद्द कंपनीतून येत होती. प्रत्यक्षात चारच जमेनात. ट्रान्झिस्टर बारीक होत गेले, पण त्यांना लागणारं व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेना, त्यामुळे वेग वाढवायला जावं तर चिप तव्यासारखी तापे. शेवटी २००४च्या ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केल्याचं जाहीर झालं, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट भर सभेत, व्यासपीठावर, चक्क गुडघे टेकून बसले. थट्टेने का होईना, पण बसले. आमच्याकडे एवढी घरं, एवढे पूल आणि एवढी स्टेशनं रखडली. व्यासपीठावर गुडघे टेकलेला एकही माणूस आम्ही पाहिलेला नाही.

एका गड्याला आणखी पळवता येत नाही म्हटल्यावर दोन गडी ठेवायचे, हा मग सरळ उपाय. २००५च्या मे महिन्यात दोन्ही कंपन्यांनी डेस्कटॉपसाठी दोन-दोन कोअरचे प्रोसेसर आणले आणि मोजायची वस्तूच बदलली. तेव्हापासून लोक कोअर मोजतायत.

मोजणी आली की मोजणीतली हातचलाखी आलीच. २०११मध्ये एएमडीने ‘बुलडोझर’ आणला. डेस्कटॉपला आठ कोअर, म्हणून जाहिरात दणकून झाली. आत डोकावलेल्या लोकांना दिसलं, की दोन-दोन कोअरांची जोडी केलीय आणि अपूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग प्रत्येक जोडीला सामाईक आहे. दोन खोल्या खऱ्या, पण मोरी एक. चाळीत राहिलेला माणूस एवढ्यावर कोर्टात जात नाही, तो फक्त पहाटे लवकर उठतो. कॅलिफोर्नियातले लोक गेले. आठ म्हणालात, आठ कुठे आहेत, असा दावा चालला आणि २०१९मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटवला. हे ऐकून तात्यांना आमच्या मजल्यावरच्या सामाईक संडासाबद्दल नुकसानभरपाई मागता येईल का, असा प्रश्न पडला होता. मी त्यांना मुदतीच्या कायद्याची आठवण करून दिली.

इंटेलवाल्यांनी हसू नये. २०१८च्या जूनमध्ये तैपेईच्या प्रदर्शनात त्यांनी अठ्ठावीस कोअरचा प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झवर पळवून दाखवला, तोही सगळेच्या सगळे कोअर एकदम. टाळ्या पडल्या. नंतर कोणीतरी वाकून पाहिलं, तर टेबलाखाली पाणी थंड करणारं औद्योगिक यंत्र लपवलेलं! प्रोसेसर मुद्दाम ताणून पळवला होता, हे सांगायचं उत्साहाच्या भरात राहून गेलं, असा खुलासा कंपनीने केला. आमच्या गल्लीतल्या बर्फवाल्याला हे कळलं असतं, तर त्याने लॅमिंग्टन रोडला दुसरी शाखा काढली असती.

या सगळ्यावर तात्यांचं एक वेगळंच मत आहे, आणि ते ऐकण्यासारखं आहे. तात्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या संपात बाहेर पडले आणि त्यांच्या गिरणीच्या भोंग्याची पाळी पुन्हा आली नाही. त्यांचे वडीलही साच्यावर. १९२८ साली मालकांनी काढलं होतं की दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने यापुढे तीन सांभाळावेत. त्यावर दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर गेले. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तर भाच्याने एकदा तात्यांना हायपरथ्रेडिंग समजावून दिलं: कोअर एकच, पण त्याने एका वेळी दोन कामांचे धागे हातात धरायचे. एकाचा माल यायचा असेल तोवर दुसऱ्याचं काम उरकायचं, म्हणजे गडी क्षणभरही रिकामा बसत नाही.

तात्या ताठ झाले. “पगार दुप्पट?”

“पगार कसला, तात्या! चिप आहे ती.”

“कधी चालू केलं हे?”

“डेस्कटॉपला दोन हजार दोन साली.”

“आणि कोणी काही बोललं नाही?”

भाच्याने मग खरं ते सांगितलं. २०२४च्या ऑक्टोबरात इंटेलने डेस्कटॉपसाठी जी नवी मालिका आणली, तिच्यात हायपरथ्रेडिंग काढून टाकलंय. एका कोअरला एकच धागा. तात्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी फार वर्षांनी पाहिलं. “बावीस वर्षं लागली,” ते म्हणाले, “पण मागणी मान्य झाली.” त्यांच्या लेखी बावन्न कोअर म्हणजे प्रगती वगैरे काही नाही. कामाचा बोजा कमी करून नवी भरती केली, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो त्यांना शंभर टक्के मंजूर आहे.

एक मोठा मिळत नसेल तर बारके पुष्कळ जोडा, ही अक्कल महाराष्ट्राने फार आधी दाखवली होती, हे मात्र नाक्यावर कोणाला ठाऊक नसतं. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तसा क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणकसंस्था सुरू झाली, आणि आमच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख झाले. त्यांनी एकच अजस्र प्रोसेसर शोधत न बसता ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या लहान चिप डझनांनी एकमेकींना जोडल्या आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. इंटेलच्या डेस्कटॉपला दोन कोअर सुचायच्या चौदा वर्षं आधी. पुण्याला याचं श्रेय द्यायला मुंबईकराची जीभ जड होते, पण इलाज नाही.

तर आता मूळ प्रश्न. भाच्याला बावन्न कोअर हवेत कशाला?

त्याच्या दुकानात एका संध्याकाळी मी मुद्दाम बसलो. त्याने टास्क मॅनेजर उघडून चारही कोअरांचे आलेख लावून ठेवले आणि एका ‘भावी’ साहेबांचा वीस फुटी बॅनर उघडला. एका कोअरचा आलेख छताला टेकला. बाकीचे तिघे आडवे. मुंबईत रस्ता खोदताना एक माणूस खड्ड्यात असतो आणि बाकीचे काठावर उभे असतात, ते चित्र मला परकं नव्हतं. कारण असं, की बरंचसं काम वाटून देता येतच नाही. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची चढता येत नाही. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७मध्येच हा हिशोब मांडून ठेवलाय. कामाचा फक्त दहावा हिस्सा जरी एकापाठोपाठ एकच करायचा असेल, तर बावन्न कोअर लावून वेग बावन्न पट होत नाही, साडेआठ पटींच्या आसपास अडतो. आणि कोअर लाखभर लावले, तरी दहा पट काही ओलांडत नाही.

फ्लेक्सच्या धंद्यात हा दहावा हिस्सा कुठे असतो, तेही त्या संध्याकाळी दिसलं. बॅनर संगणकाने काही मिनिटांत तयार करून दिला. मग साहेबांचा कार्यकर्ता आला. त्याने दादांचा फोटो साहेबांपेक्षा बोटभर मोठा दिसतोय, अशी शंका काढली. फोन झाला. साहेब मीटिंगमध्ये होते. मग ताईंचा फोटो डावीकडे की उजवीकडे, यावर दुसरा फोन. शुभेच्छुकांच्या यादीत एक नाव राहिलं होतं. ते घातल्यावर लक्षात आलं, की त्याच्या विरोधकाचं नावही घालावं लागेल, आणि दोघांचं नाव एकाच ओळीत नको. चार कोअर, चारही, रात्री दहापर्यंत हात बांधून बसले होते. या कामाला लागणारा प्रोसेसर सांता क्लारात कोणी आखायला घेतलाय, अशी अफवासुद्धा मी अजून ऐकलेली नाही.

भाच्याची बाजूही सांगितली पाहिजे. आगमनाचे ड्रोनवरून घेतलेले फोर-के व्हिडिओ तो हल्ली कापून-जोडून देतो, आणि ते काम खरंच वाटून घेता येतं. तिथे कोअर वाढले की वेळ वाचतो. अॅनिमेशनवाल्यांना, मोठमोठे प्रोग्राम बांधणाऱ्यांनाही वाचतो. पण त्यासाठी त्याला आज दुकानात मिळणारा सोळा किंवा चोवीस कोअरचा प्रोसेसर पुरून उरेल. बावन्नचा आग्रह हा कामाचा नाही. शेजारच्या फ्लेक्सवाल्याने चोवीसचा घेतलाय, ही खरी पोटदुखी आहे.

लॅमिंग्टन रोडचं, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाचं, शास्त्र याहून निराळं. तिथल्या दुकानदाराला कुठलीही अफवा वाया जात नाही. जुना माल पडून असेल तर तो कानात सांगतो, “भाऊ, हा बंद होतोय. शेवटचे दोन पीस.” नवा माल यायचा असेल तर म्हणतो, “थांबा, घाई करू नका, नवीन येतोय.” आणि तोवर अॅडव्हान्स ठेवून घेतो. इतकी वर्षं मी हे शेवटचे दोन पीस बघत आलोय. ते कधी एकावर आलेले नाहीत.

आणि थांबल्याने स्वस्त पडेल, हाही भ्रम आहे. नोव्हा लेकला नवा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, लागेल अशी खबर आहे, म्हणजे मदरबोर्ड नवा. एएमडीचा सॉकेट २०२२पासून तोच आहे, तिथे निदान एवढं तरी सुटेल. रॅमची तर कथाच वेगळी. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायचा सपाटा लावला आणि २०२५ संपता संपता दुकानातल्या रॅमचे भाव दुपटी-तिपटीवर गेले. कोअर किती येणार हे भाच्याला तोंडपाठ होतं. रॅम महाग होणार आहे, ही खबर मात्र त्या नाक्यावर कोणी पक्की करून आणली नाही.

तेव्हा ज्यांना काम आहे त्यांच्यासाठी हिशोब सरळ आहे. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. चिंतामणीचं आगमन त्याच्याही आधी, आणि आगमनाचे बॅनर त्याच्याही आधी. नोव्हा लेक वर्षाच्या अखेरीस, आणि तेही सगळं वेळेवर झालं तर. आज जो प्रोसेसर मिळतोय तो घ्या, पक्कं बिल मागून घ्या, आणि वॉरंटीचा कागद हरवू नका.